'सगळ्यासाठी आभार' एवढ्याने भागत नाही: रोजच्या कामाच्या गडबडीत देवाचे उपकार कसे मानायचे

सकाळी सव्वापाचला माझा गॅस पेटतो. सातची ड्युटी, त्याच्या आधी दूध, दोन डबे, पाणी भरून ठेवायचं, सासूबाईंची बीपीची गोळी, आणि मग पळत बसस्टॉप. मी नर्स आहे, पिंपरीत राहते, माहेर नगर जिल्ह्यातलं. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिला मंडळाच्या मीटिंगला बायका एकमेकींना कायम हेच सांगतात, अगं शांत बसून प्रार्थना करायला वेळच मिळत नाही, रविवारी चर्चला जाते तेवढंच काय ते. मी पण कित्येक वर्षं हेच सांगायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं, खरंच वेळ नसायचा. पण गेल्या काही वर्षांत एक गोष्ट हळूहळू जमायला लागलीये आणि मंडळातल्या दोघीतिघी म्हणाल्या की तू नक्की काय करतेस ते लिहून दे, म्हणून बसलेय लिहायला. बायबल कॉलेजला वगैरे गेलेली नाही मी, स्वतः करून बघितलंय तेवढंच सांगणार आहे.

आधी आजीचं सांगते कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

राहुरी तालुक्यातलं आमचं गाव. संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना ठरलेली. आजोबा शास्त्रपाठ वाचणार, एक गीत होणार, मग आजी प्रार्थना करणार. आजीला वाचता येत नव्हतं. आम्ही पोरं गुडघे टेकून आमेन कधी होतंय याची वाट बघायचो, कारण ती प्रार्थना संपायचीच नाही. आजी हाताची बोटं मोजत सगळा दिवस देवाला सांगायची. "देवबापा, आज बाजाराला जाताना टेम्पोवाल्यानं भाडं घेतलं नाय, त्याचं भलं कर. काळ्या कोंबडीनं अंडं दिलं. दुपारी लई ऊन व्हतं पर मळ्यातल्या बाईनं माठातलं पाणी पाजलं. पोराचा ताप उतरला, सुई टोचाया लागली नाय." असं एकेक करत. कधी पाळकसाहेब, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घरी आले की ते प्रार्थना करायचे, त्यात सकल सृष्टी, अन्न, वस्त्र, आरोग्य सगळं दोन मिनिटांत येऊन जायचं, आणि आम्हाला तीच आवडायची कारण गुडघे लवकर सुटायचे. आता मला त्यातला एक शब्दही आठवत नाही. आजीची काळी कोंबडी मात्र चाळीस वर्षांनी अजून आठवते.

'सगळ्यासाठी' हा शब्द आठवडाभर बाजूला ठेवा

सुरुवात इथून करा. प्रार्थनेत "तू दिलेल्या सगळ्यासाठी उपकार मानतो" हे वाक्य आपल्या तोंडात इतकं बसलंय की ते म्हणताना डोक्यात काहीच येत नाही. सात दिवस ते म्हणायचंच नाही असं ठरवा. त्याऐवजी एकच गोष्ट घ्या, पण ती पूर्ण सांगा, म्हणजे काय मिळालं, कधी मिळालं आणि कुणाच्या हातून मिळालं. "आरोग्यासाठी आभार" न म्हणता "आज तिसऱ्या मजल्यावर चढताना गुडघा दुखला नाही". "नोकरीसाठी आभार" न म्हणता "काल हँडओव्हरला उशीर झाला तर दुसरी सिस्टर न कुरकुरता वीस मिनिटं थांबली". पहिले दोन दिवस काही सुचणार नाही, डोकं रिकामं वाटेल. तिसऱ्या दिवसापासून दिवसाकडे बघायची नजरच जरा बदलते कारण संध्याकाळी सांगायला काहीतरी लागणार असतं, मग माणूस दिवसभर शोधत राहतो.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात १७ व्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आपल्याला शब्बाथशाळेपासून माहीत आहेत. दहा जण बरे झाले, एकच परत आला. लहानपणी मला वाटायचं बाकीचे नऊ वाईट होते. पण नीट वाचलं तर येशूने त्यांना सांगितलं होतं की याजकाला जाऊन दाखवा, आणि ते नऊ जण तेच करत होते की. सांगितलेलं करत होते! रविवारी वेळेवर चर्चला जाणारी, वर्गणी भरणारी, उपवास करणारी आपण माणसं त्या नऊ जणांतच बसतो असं मला आता वाटतं. परत आलेला तो एक, परक्या शोमरोनी लोकांतला माणूस, तेवढा मध्येच वळला. आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्या नऊ जणांचं बरं होणं काही येशूने परत काढून घेतलं नाही. म्हणजे आभार मानले नाहीत तर देव दिलेलं हिसकावून घेईल ही भीती मनातून काढून टाका, त्या भीतीने मानलेले आभार म्हणजे हप्ता भरल्यासारखं होतं. फक्त येशूने विचारलं हो, बाकीचे नऊ कुठे आहेत म्हणून. त्याचं लक्ष होतं.

आपल्या बोलीत बोला

हे छोटं वाटेल पण याने फार फरक पडतो. आपली प्रार्थनेची एक वेगळी भाषा झालीये, "हे दयाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या चरणी आम्ही लीन होतो" अशी. वाईट नाहीये ती, मंडळीत सगळ्यांनी मिळून प्रार्थना करताना शोभते. पण त्या भाषेत गॅस सिलेंडर वेळेवर आला हे सांगायला जागाच मिळत नाही. मग आपण ते सांगतच नाही, आणि जे सांगत नाही ते हळूहळू दिसायचं पण बंद होतं.

आपल्याच लोकांचा इतिहास बघा ना. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्लंडचे जेसुइट संघाचे कॅथलिक धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले आणि मराठी शिकून त्यांनी ख्रिस्ताची कथा ओव्यांमध्ये लिहिली, ती १६१६ ला छापली गेली. म्हणजे चारशेच्या वर वर्षं झाली. नंतर नारायण वामन टिळकांनी (१८६१ ते १९१९) तर आपल्याला अभंगासारखी भजनं दिली, त्यांचा १८९५ ला बाप्तिस्मा झाला पण तुकोबांचं प्रेम त्यांनी सोडलं नाही, ते तेच घेऊन ख्रिस्ताकडे आले. अजून आपल्या उपासनेत टाळ आणि पेटीवर टिळकांची गीतं होतात आणि म्हातारी माणसं डोळे मिटून डोलतात. एवढ्या मोठ्या माणसांनी येशूला ओवी-अभंगात आणलं, तर मी त्याच्याशी नगरी बोलीत का बोलू नये. मी आता स्वयंपाकघरात "देवा, आज लई दमले बघ" इथूनच सुरुवात करते. वसईच्या लोकांनी आपल्या कादोडी बोलीत बोलावं, कोकणातल्यांनी त्यांच्या बोलीत. पोरांना इंग्लिश मिडीयममुळे इंग्लिशमध्येच सुचत असेल तर तसं, त्यांना अडवू नका.

जे काम होणारच आहे त्यालाच प्रार्थना बांधा

वेगळा वेळ काढायचा म्हटलं की राहूनच जातं, माझा अनुभव असा आहे. म्हणून दिवसातली जी कामं चुकतच नाहीत त्यातली दोन निवडा. दोनच. दहा निवडाल तर चौथ्या दिवशी बंद पडेल.

माझं पहिलं काम दूध. दूध तापायला ठेवलं की उतू जाईल म्हणून तिथून हलता येत नाही, तशीही मी तिथे उभीच असते, त्या पाच मिनिटांत कालची एक गोष्ट देवाला सांगते. फोन ओट्यावर आणायचा नाही एवढा एकच नियम. दुसरं काम हात धुणं. आमच्याकडे साबणाने हात धुवायला ४० ते ६० सेकंद आणि हँडरब चोळायला २० ते ३० सेकंद लावायचे असतात, तसं ट्रेनिंगच असतं, आणि एका ड्युटीत किती वेळा हात धुवावे लागतात याचा हिशोब नाही. पूर्वी त्या वेळात मी पुढच्या कामांची यादी करायचे, आता ज्या पेशंटकडून आले किंवा ज्याच्याकडे चाललेय त्याचं नाव मनात घेते. बेड नंबर नाही, नाव. "सात नंबर" म्हटलं तर सलाईन आणि औषधं डोळ्यासमोर येतात, नाव घेतलं तर माणूस येतो. आणि मग त्याच्याबद्दल आभार मानायला पण काहीतरी सापडतं, आज दोन घास खाल्ले, आज मुलगा भेटायला आला, असं.

यात एक गोष्ट मी फार पाळते ती तुम्हीही पाळा. पेशंट कुठल्याही धर्माचा असतो, पडलेला असतो, आपल्या हातात असतो. त्याने मागितल्याशिवाय त्याच्या उशाशी उभं राहून मोठ्याने प्रार्थना करायचा मला हक्क नाही. मनात देवाशी बोलायला कुणाची परवानगी लागत नाही, तेवढं पुरतं. शाळेत शिकवणाऱ्यांनी, दुकानात बसणाऱ्यांनी पण हा विचार करावा.

कामात प्रार्थना हे काही नवीन नाहीये. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून होते, आधी सैनिक होते, पायाला जखम झालेली, मठात त्यांना स्वयंपाकघर दिलं. त्यांना मनातून स्वयंपाकाच्या कामाची आवड नव्हती, हे मला वाचून खूप धीर आला, कारण आपल्याला वाटतं कामात देव सापडायला काम आवडलं पाहिजे. तसं काही नाही. न आवडणारी भांडी घासताना पण जमतं. मला स्वतःला इस्त्री करायला अजिबात आवडत नाही तरी मुलाच्या शाळेच्या शर्टावर रोज एक वाक्य होतंच माझं.

भाकरीजवळ थांबा

जेवायच्या आधीची प्रार्थना बहुतेक ख्रिस्ती घरांत होते आणि बहुतेक घरांत ती पाठ झालेली असते, ताट समोर, भूक लागलेली, चार शब्द आणि आमेन. ती बंद करू नका, पण तिच्यात जरा जीव घालता येतो.

प्रभूच्या प्रार्थनेत आपण म्हणतो, आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. मला मराठीतला हा भाकर शब्द फार आवडतो, कारण ती थापायला लागते, दोन बाजू शेकायला लागतात, आणि तव्यावरची गरम भाकरी ज्याने खाल्लीये त्याला ती ओळ समजवावी लागत नाही. मग त्या भाकरीचा मागोवा घ्या. आठवड्यातून एकदा जेवताना पोरांना विचारा, ही बाजरी कुठून आली? आमच्याकडे भावाच्या शेतातून येते, मग पेरणी, मग राखण, मग कुणी काढली, कुणी खळं केलं, एसटीने पोतं कुणी आणून दिलं, गिरणीत कुणी दळलं. तुमच्याकडे दुकानातून पिठाची पिशवी येत असेल तरी ती ट्रकमधून कुणीतरी उतरवलीच ना. सात-आठ माणसं होतात एका भाकरीमागे. त्यातल्या एकाचं नाव घेऊन प्रार्थना करायची, आणि नाव माहीत नसेल तर पुढच्या वेळी त्या माणसाला विचारायचं. आमच्या गिरणीवाल्या काकांचं नाव आम्हाला नऊ वर्षांनी कळलं ते असंच. नऊ वर्षं त्यांच्या हातचं पीठ खात होतो.

त्याच ओळीत 'आमची' आहे, 'माझी' नाहीये, हे पण पोरांच्या लक्षात आणून द्या. शेजारी भाकर नसेल तर ती प्रार्थना अर्धीच ऐकली गेली.

आणि जेवण झाल्यावर पण आभार माना. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात ८ व्या अध्यायात मोशे लोकांना सांगतो की जेवून तृप्त झालात की परमेश्वराला धन्यवाद द्या, आणि लगेच पुढे सावध करतो की पोटभर खाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील आणि मग तुम्ही विसराल. भुकेला माणूस ताट बघून आपोआप आभार मानतो. पोट भरल्यावर मानणं अवघड असतं कारण तोवर आपण टीव्ही लावलेला असतो. माझी आई हात धुवायला उठायच्या आधी ताटावरच एक मिनिट बसायची, काही बोलायची नाही. मी आता तसं बसते.

रात्री पाच मिनिटं मागे वळून बघा

हे मी माझ्या कॅथलिक मैत्रिणीकडून शिकले, ती वसईची, एकाच वॉर्डला होतो आम्ही. सोळाव्या शतकातले संत इग्नाशियस लोयोला, ज्यांनी जेसुइट संघ काढला, त्यांनी दिवसाची उजळणी करायची एक पद्धत शिकवली. अंथरुणावर पडल्यावर आधी दिवसातल्या चांगल्या गोष्टींचे आभार, मग देवाला म्हणायचं मला नीट दिसू दे, मग सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस सावकाश मनात फिरवायचा, जिथे आपण चुकलो, कुणावर ओरडलो, तिथे क्षमा मागायची, आणि उद्यासाठी एक मागणं. यातलं मला सगळ्यात पटलं ते म्हणजे आभार आधी, चूक नंतर. आपण प्रोटेस्टंट लोक बऱ्याचदा प्रार्थनेला बसलो की पापांपासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. आधी आभार मानले की चुकीकडे बघायला घाबरायला होत नाही.

मध्येच झोप लागली तर लागू दे. नाईट ड्युटीवाल्यांनी हे सकाळी परतीच्या बसमध्ये करावं, मी तसंच करते.

ज्या दिवशी उपकार मानता येत नाहीत

आता खरं अवघड. २०२१ चा एप्रिल आणि मे, कोविडची दुसरी लाट. आमच्या वॉर्डला काय चाललं होतं ते मी इथे लिहिणार नाही, ज्यांच्या घरातली माणसं गेली त्यांना ते माहीत आहे. त्याच मे महिन्यात माझे वडील गावाकडे वारले. मला जाता आलं नाही. फोनवर लोक सांगत होते, ते प्रभूजवळ गेले, उपकार मान. मला राग यायचा. जवळपास तीन महिने माझ्या तोंडून आभाराचा एक शब्द निघाला नाही, चर्च ऑनलाइन चालू असायचं आणि मी आवाज बंद करून बसायचे.

त्या दिवसांत मला दोन गोष्टींनी धरून ठेवलं. एक म्हणजे बायबलमधलं स्तोत्र ८८. बाकीची बहुतेक रडकी स्तोत्रं शेवटी कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही, अंधारावर संपतं. आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, कुणी काढून टाकलं नाही. म्हणजे देवासमोर अंधारात बसून राहणं ही पण प्रार्थनाच आहे, देवाने ती ठेवून घेतलीये. दुसरं म्हणजे मंडळातल्या एक काकू, त्या दर गुरुवारी दाराबाहेर डबा ठेवून जायच्या. वचन सांगितलं नाही, समजावलं नाही, मेसेजसुद्धा नाही, डबा.

प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पत्रात लिहिलंय की सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. हे वाक्य खूप जणांच्या तोंडावर फेकलं जातं म्हणून नीट वाचा, त्यात 'स्थितीत' आहे. स्थितीबद्दल आभार मानायला तो सांगत नाहीये. वडील गेले याबद्दल मी देवाचे आभार मानत नाही, आणि मानावेत असं देवालाही वाटत नसेल, आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला. वडील गेले त्या दिवसांत डबा आला, त्याबद्दल मानते.

यातून एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय आणि तुम्हालाही कळकळीने सांगते. दुःखात असलेल्या माणसाला कधीही "उपकार मान" म्हणू नका. आणि ज्या बाईला घरात मार पडतोय, ज्या मुलाचा कामावर पगार बुडवतायत, त्यांना तर नाहीच नाही. उपकार मान आणि सहन कर, ही शिकवण शास्त्रातली नाही. फिलिप्पैच्या तुरुंगात पौल आणि सीला फटके खाल्लेल्या पाठीने मध्यरात्री गीतं गात होते, हे आपण किती वेळा ऐकलंय. पण त्याच अध्यायात, प्रेषितांची कृत्ये १६, दुसऱ्या दिवशी अधिकारी त्यांना गुपचूप सोडून द्यायला निघाले तेव्हा पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, चौकशी न करता आम्हाला चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्या. रात्री गायला आणि सकाळी हक्काने बोलला. एकाच माणसाने, बारा तासांच्या आत. तक्रार करायची असेल तर करा, पोलिसात जायचं असेल तर जा, त्याने तुमची भक्ती कमी होत नाही.

आभार माणसापर्यंत पोचवा

देवाला सांगितलं आणि माणसाला सांगितलं नाही तर मला ते अपुरं वाटतं. आमच्या वॉर्डातल्या मावशी आणि मामा, म्हणजे आया आणि वॉर्डबॉय, त्यांना दिवसभरात थँक्यू शंभर वेळा ऐकू येतं आणि त्याचा काही अर्थ उरलेला नसतो. इथे पण आजीची पद्धत वापरा, काय केलं ते सांगा. "मावशी, काल तुम्ही त्या आजींची वेणी घालून दिलीत ना, आज त्या पहिल्यांदा हसल्या." मावशींनी त्या दिवशी अजून दोघींच्या वेण्या घातल्या.

पैशाचंही यातच येतं. गावाकडे आमच्या चर्चला कापणीचा सण असायचा, लोक बाजरीची पोती, भोपळे, ऊस, अंडी, एखादा कोंबडा असं वेदीपुढे आणून ठेवायचे, उपासना झाली की बाहेर लिलाव. लहानपणी मला लिलावाचीच मजा वाटायची. पण त्यात एक गोष्ट होती की ज्याने जे पिकवलं ते तो स्वतःच्या हातात धरून आणायचा. शहरात आपण पाकिटं टाकतो किंवा क्यूआर कोड स्कॅन करतो, हाताला काही लागत नाही. म्हणून मी पगार झाला की ईएमआय कापायच्या आधी थोडे पैसे रोख काढते, काही चर्चला, काही आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या मुलीच्या वह्यांना. रोख काढायचं कारण एवढंच की ते हातात धरून क्षणभर उभं राहता येतं.

आणि कुणी तुम्हाला सांगत असेल की दे म्हणजे देव दुप्पट परत देईल, तर तिथे सांभाळून राहा. परतफेडीच्या हिशोबाने दिलं की ती गुंतवणूक होते. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना आणि विधवांना जेवू घातलं, शिकवलं, छापखान्याचं काम शिकवलं, आणि त्या गर्दीतच बसून मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं. त्या १९२२ मध्ये गेल्या, नवरा, भाऊ आणि पोटची मुलगी आधीच गेलेली, त्यांना काय दुप्पट मिळालं होतं सांगा.

कॅलेंडरचा चौकोन

शेवटी लिहून ठेवायचं. डायरी, ग्रॅटिट्यूड जर्नल, अॅप, हे सगळं मी करून बघितलं, माझ्याच्याने पंधरा दिवसांच्या वर झालं नाही. टिकलं ते भिंतीवरचं कॅलेंडर. कालनिर्णयवर आपण तसंही दूध किती, सिलेंडर कधी लावला, कामवाल्या ताईंची सुट्टी हे लिहितोच. त्याच चौकोनात एक शब्द लिहायचा. एकच, कारण जागा तेवढीच आहे. 'डबा', 'पाऊस', 'ताप उतरला', 'बस मिळाली'. घरातल्या कुणीही लिहावा, अक्षर बघून कळतंच कुणाचा आहे. काही नसेल त्या दिवशी चौकोन कोरा ठेवा, ओढूनताणून भरू नका. माझ्या २०२१ च्या कॅलेंडरला जून-जुलै जवळजवळ कोरे आहेत, फक्त काही गुरुवारी 'डबा' लिहिलंय. ते कॅलेंडर मी फेकलेलं नाही.

३१ डिसेंबरला रात्रीची उपासना असते, त्यात साक्ष सांगायची वेळ येते आणि लोक उभे राहून म्हणतात की प्रभूने वर्षभर सांभाळलं. आम्ही आता त्या दिवशी चर्चला निघायच्या आधी कॅलेंडर खाली काढतो आणि मुलगा एकेक पान वाचतो, ज्याचा शब्द त्याने त्याची गोष्ट सांगायची. मागच्या वर्षी मार्चमध्ये एका चौकोनात 'शेंगा' लिहिलेलं निघालं. कुणालाच आठवेना. अक्षर सासूबाईंचं होतं, त्यांना पण लगेच आठवलं नाही, चष्मा लावून बघत बसल्या, मग म्हणाल्या, अरे तो खालचा वॉचमन गावाहून आला होता, त्याने शेवग्याच्या शेंगा आणून दिल्या, तुझी आई ड्युटीवर होती आणि घरात भाजीचं पानसुद्धा नव्हतं त्या दिवशी. मुलगा थोडा वेळ गप्प बसला, मग फ्रीजमधून नाताळचा उरलेला केक काढला, डब्यात भरला आणि चपला घालून खाली गेला. उपासनेला पोचायला आम्हाला त्या रात्री दहा मिनिटं उशीर झाला.